आशाबाईंच्या चेहऱ्याची फेरतपासणी

आशाबाईंचा चेहरा तेलकट आहे हे त्यांना स्वतःला आरशात कधी दिसलं नव्हतं. ते त्यांना कळवण्यात आलं होतं. चांदवडला त्यांच्या माहेरी मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मुलाकडच्या मंडळींत त्याची धाकटी बहीणही होती. मालन. परकर-पोलक्यातली, दोन वेण्या घातलेली, नाकासमोर बघणारी. परतताना एसटीत तिच्या आईनं विचारलं, "कशी वाटली गं वहिनी?" मालन म्हणाली, "चेहरा छान आहे, पण तेलकट आहे."

झालं. लग्न ठरल्यावर हे आशाबाईंच्या कानावर घालण्यात आलं, सासरी नाशकात आल्यावर पुन्हा घालण्यात आलं, आणि पुढे पन्नास वर्षं सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखं ते तिथंच राहिलं. सातबाऱ्यावरची नोंद निदान तलाठ्याला भेटून बदलता तरी येते. म्हणजे, येते असं म्हणतात.

नोंद एकदा झाली की तिचे परिणाम होतात. थंडीत घरातल्या सगळ्या बायका कोकमतेलाचा गोळा चुलीशी धरून तो गालांना चोळत, तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "आशाला नको, तिला देवानंच लावून पाठवलंय." दुधावरची साय नणंदांना, डाळीचं पीठ आशाला. पुढे बाजारात बाटलीतले स्नो आले, मग डबीतल्या क्रीम आल्या, मग नळीतल्या आल्या; आशाबाईंच्या बेसनात मात्र फरक पडला नाही. दिवसातून तीनदा बेसन, वर साबण. चेहरा धुऊन झाला की कातडी अशी ताणायची की हसायला गेलं तर करकर वाजेल असं वाटायचं. त्याला त्या "स्वच्छ वाटणं" म्हणत.

पण साय आणि क्रीम यांचं फारसं काही नाही. खरी गोम होती कुरडईत. या घराण्यात लग्नाच्या पंगतीला कुरडई वाढायची ती ताजी तळलेलीच. आधी तळून ठेवली की मऊ पडते, आणि मऊ कुरडई वाढलेल्या लग्नाची चर्चा नवरीला पहिलं मूल होईपर्यंत चालते. शिवाय ती आचाऱ्याच्या हाताची चालत नाही, घरच्या सुनेनंच तळायची. म्हणजे पंगत बसायच्या ऐन आधी, मांडवात मंगलाष्टकं चालू असताना, कुणीतरी मागे कढईपाशी बसायला हवं. आणि कढईपाशी कोण? "आशाला बसवा. बाकीच्यांचे चेहरे खराब होतील. तिला काय, तेलाला तेल."

त्यामुळे स्वतःचं लग्न सोडलं तर या घरातल्या एकाही लग्नात अंतरपाट धरलेला आशाबाईंनी पाहिलेला नव्हता. दिरांची लग्नं झाली, नणंदांची झाली, स्वतःच्या पोटच्या पोराचंही झालं. प्रत्येक वेळी त्यांना मागून "सावधान" ऐकू यायचं आणि त्यासरशी कढईतली कुरडई फुलायची. लग्नांच्या अल्बमात त्या कुठंच नाहीत. एका फोटोत मांडवाच्या कनातीमागून थोडा धूर दिसतो, त्या म्हणजे त्या.

तर जानेवारीत मालनबाईंचा येवल्याहून फोन आला. आता त्याही साठी ओलांडलेल्या, नातवंडं असलेल्या. "वहिनी, आमच्या नातवाचं, समाधानचं लग्न ठरलं! कुरडया उन्हाळ्यातल्याच आहेत घातलेल्या, दोन डबे भरून. तळायचं नेहमीप्रमाणे तुमच्याकडे बरं का. आमच्या सुनांच्या कातड्या म्हणजे नाजूक हो, नुसत्या वाफेनं लाल होतात."

आशाबाई म्हणाल्या, "बरं."

हे सगळं त्यांची नात तेजल शेजारी बसून ऐकत होती. तेजल फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या न्हाणीघरातल्या फळीवर इतक्या बाटल्या, की देवरामआजोबा दाढीला गेले की आधी चष्मा लावून सगळी लेबलं वाचत.

"आजी, कायम तूच का तळायचं?"

"माझी त्वचा तेलकट आहे ना."

"कोण म्हणालं?"

"मालनवन्सं."

"त्या डॉक्टर आहेत?"

"नाही, येवल्याच्या आहेत."

तेजलनं आजीची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "आजी, तुझ्या गालाला भेगा पडायच्या बाकी राहिल्यात. हे तेलकट? तू कधी टेस्ट केलीस?"

चेहऱ्याची चाचणी असते हे आशाबाईंना नवीन होतं. रक्ताची असते, लघवीची असते, मुलांच्या डोक्याचीही असते असं त्यांनी ऐकलं होतं. तेजलनं सांगितलं ते अगदी सोपं निघालं. सौम्य फेसवॉशनं तोंड धुवायचं, टिपून घ्यायचं, आणि मग तासभर काही म्हणजे काही लावायचं नाही, हातही लावायचा नाही. नंतर टिशू पेपर कपाळाला, नाकाला, गालांना दाबायचा. सगळीकडे तेलाचा डाग उठला तर तेलकट. कुठंच नाही आणि कातडी ओढल्यासारखी झाली तर कोरडी. कपाळ-नाकावर डाग आणि गाल कोरे, तर मिश्र.

"मिश्र पण असते?" आशाबाईंनी विचारलं.

"असते. आणि वय, थंडी, साबण यांनी बदलतेही."

बहात्तर वर्षं जो चेहरा घेऊन आपण हिंडलो, त्याबद्दल एवढी माहिती उपलब्ध होती आणि आपण कुणाला विचारलं नाही, याचं आशाबाईंना नवल वाटलं. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांनी अंधारात हळूच नाकाला बोट लावून पाहिलं. काही कळलं नाही.

सोपी चाचणी आणि मध्यमवर्गीय घर यांचं वैर असतं. इंदिरानगरच्या त्या इमारतीत राहणाऱ्या बाईला तासभर आपल्या चेहऱ्याला कुणाचा हात लागू न देता बसता येईल, असं ज्याला वाटतं तो तिथं राहिलेला नाही.

पहिल्या दिवशी त्या तोंड धुऊन खुर्चीत बसल्या आणि गॅस एजन्सीचा माणूस केवायसीला आला. जोडणी आशाबाईंच्या नावावर. त्यानं मोबाइल त्यांच्यासमोर धरला, डोळे मिटायला सांगितले, उघडायला सांगितले, मान हलवायला सांगितली. मोबाइल काही त्यांना ओळखेना.

"आजी, चेहरा चकाकतोय. जरा पावडर लावा."

आशाबाईंचा हात गालाकडे गेला आणि मध्येच थांबला. चकाकतोय? "पावडर नाही लावता येणार. परीक्षा चालू आहे."

"कसली परीक्षा?"

"चेहऱ्याची."

"मग मी काय वेगळं करतोय? हीपण चेहऱ्याचीच आहे. नाही झाली तर सिलिंडर अडकेल."

आतून देवरामआजोबांचा आवाज आला, "लाव गं पावडर! चहाचं आधण ठेवायचंय!" सरकारी परीक्षेपुढे खासगी परीक्षा टिकत नाही. पावडर लागली, मोबाइलनं ओळख दिली, चाचणी बाद. चकाकत होती ती डोक्यावरची ट्यूबलाइट, असं तेजलनं संध्याकाळी सिद्ध केलं. पण तोवर आशाबाईंना जेवण गेलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी दाराला आतून कडी घातली. पण दिवस संक्रांतीनंतरचे. वरच्या मजल्यावरच्या पल्लवीकडे हळदीकुंकू होतं आणि तिथं आशाबाई दिसल्या नाहीत म्हणून पल्लवी स्वतःच तबक घेऊन खाली आली. सवाष्णीनं दाराबाहेर आलेलं कुंकू परत पाठवायचं का? शत्रूच्या घरचंही पाठवत नाहीत. आशाबाईंनी विचार केला, कपाळ गेलं तर गेलं, गाल तर शिल्लक राहतील. त्या दार उघडून ताठ उभ्या राहिल्या. पल्लवीनं हळद लावली, कुंकू लावलं, वाण दिलं. मग उत्साहानं गुलाबदाणी उचलली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सडा घातला.

"काकू, चांगलं असतं हो चेहऱ्याला. नॅचरल टोनर!"

आशाबाई ठिबकत दारात उभ्या. तोंडातून शब्द काय तो एवढाच निघाला, "अखंड सौभाग्यवती भव."

तिसऱ्या प्रयत्नाची कथा त्या पुढे कुणालाही सांगत नसत, पण ती फुलाबाईंनीच सगळ्यांना सांगितली. फुलाबाई समोरच्या फ्लॅटमधल्या, निफाडच्या. मळा मुलाच्या हाती देऊन नातवंडांच्या शाळेसाठी शहरात आलेल्या, आणि शहरात कुणाच्या घरात जाताना बेल वाजवतात हे मान्य नसलेल्या. आशाबाई खुर्चीत बसल्या होत्या. या वेळी त्यांनी ठरवलं होतं की बोलायचंही नाही, हसायचंही नाही. गालाचे स्नायू हलले तर आतलं तेल वर येईल की काय, अशी त्यांची आपली शंका. फुलाबाई आत आल्या. "आशाबाई, कढीपत्ता हाय का?" उत्तर नाही. "आवं आशाबाई?" आशाबाईंनी नुसते डोळे फिरवले.

"आगं बाई! तोंडावरनं वारं गेलं वाटतं! देवरामभाऊ, धावा! बाईचं तोंड गेलं!"

आणि आशाबाई उठून खुलासा करण्याआधीच फुलाबाईंनी कोनाड्यातली देवरामआजोबांची खोबरेलाची बाटली ओंजळीत पालथी करून त्यांच्या दोन्ही गालांवर शेतकी जोरानं चोळायला सुरुवात केली होती. "घाबरू नका, आमच्या सासऱ्याचं असंच गेलं होतं, लय चोळलं तवा आलं!"

तोंड धुता धुता सगळा प्रकार ऐकल्यावर फुलाबाई विचारात पडल्या. "म्हंजे तुमाला तेल हाय का नाय ते बघायचं व्हतं? मग आता?"

"आता आहे," आशाबाई म्हणाल्या.

एवढं होऊनही त्या थांबल्या नाहीत, कारण आता प्रश्न निव्वळ कुरडईचा राहिला नव्हता. कुतूहलानं त्यांना धरलं होतं. भाजीबाजारात, बँकेत, भजनाला, जो समोर येईल त्याचा प्रकार ओळखायचा चाळाच लागला. भाजीवाला मिश्र. बँकेतली मॅडम कोरडी, पण वरून चोपडलेली. भजनातले पेटीवाले बुवा एवढे तेलकट की आरती त्यांच्या कपाळातच दिसायची. देवरामआजोबांनी एकदा गुपचूप वर्तमानपत्राचा तुकडा टकलाला दाबून पाहिला. अक्षरं आरपार दिसली तेव्हा म्हणाले, "हे खोबरेलाचं आहे, माझं नाही." आशाबाईंना कांदे निवडतानाही शोध लागला. लाल कांदा अंगानं ओलसर, महिनाभरात मऊ पडतो. उन्हाळ कांदा कोरडा, सालीवर साली, तो दिवाळीपर्यंत टिकतो. आपण टिकलोय की, त्या मनाशी म्हणाल्या.

त्याच भरात मालनबाईंचा दुसरा फोन आला. आचाऱ्याला किती तेल सांगायचं, वगैरे.

"वन्सं," आशाबाई म्हणाल्या, "या वेळी मी तळणार नाही. माझी त्वचा तेलकट नाही."

पलीकडे इतकी शांतता झाली की येवल्यातल्या मागाचा खटखट आवाज ऐकू आला. "कोण म्हणालं?"

"अजून कुणी म्हणालं नाही. तपासणी चालू आहे."

"असं का? रविवारी पत्रिका द्यायला येतेच आहे मी. माझ्यासमोर करा तपासणी. तेलकट निघालात तर काही न बोलता कढईपाशी बसायचं. नाही निघालात तर समाधानच्या लग्नात पहिल्या ओळीत तुमची खुर्ची, मी स्वतः मांडीन."

आशाबाईंनी "कबूल" म्हटलं आणि फोन ठेवून त्या आरशापुढे जाऊन उभ्या राहिल्या. कारण खरं तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षं म्हणत आले ते लोक, कदाचित बरोबरही असतील. आणि निघालाच डाग, तर? आजवर ऐकीव तरी होतं, उद्या छापील होईल.

रविवारी निफाडचा पारा पार खाली गेला होता आणि नाशिककर सवयीप्रमाणे त्याचा अभिमान बाळगत कुडकुडत होते. मालनबाई आल्या, पैठणीवर स्वेटर घालून. पाणी प्यायच्या आधी म्हणाल्या, "धुवा. माझ्यासमोर."

साबण कोणता यावर वाद झाला, तो तेजलनं मिटवला. मग खिडकी. मालनबाई म्हणाल्या, "खिडकी लावा. ही हवा लागली तर कुणीही कोरडं पडेल."

साक्षीदार म्हणून आलेल्या फुलाबाईंनी दुजोरा दिला. "खरं हाय. या थंडीत आमच्या म्हशीचं बी थोबाड उलतं."

उदाहरण आशाबाईंना आवडलं नाही, पण खिडकी लागली. चहा झाला, तो आशाबाईंना मिळाला नाही, कारण वाफ. पोहे झाले, तेही नाही, कारण फोडणीचा हात. मालनबाई समोर खुर्ची ओढून, गुडघ्याला गुडघा लावून पहाऱ्याला बसल्या. एवढ्या वर्षांत या दोघी एकमेकींच्या चेहऱ्याकडे इतका वेळ कधी बघत बसल्या नव्हत्या. मालनच्या हनुवटीवर सासूबाईंसारखीच घडी पडते, हे आशाबाईंना आजच दिसलं. भुवईत पांढरा केस होता. परकरातली पोर कधी म्हातारी झाली? आणि नाक... पण त्या काही बोलल्या नाहीत. गाल हलवायचे नव्हते.

वेळ भरली. तेजलनं टिशू पेपर कपाळाला दाबला. नाकाला दाबला, नाकाच्या बाजूंना दाबला, दोन्ही गालांना दाबला. मग सगळे कागद खिडकीच्या उजेडात धरले.

काही नव्हतं. पांढरे ते पांढरे.

"कोरडी," तेजल म्हणाली. "आणि नुसती कोरडी नाही, ठणठणीत कोरडी. बेसनाचे उपकार."

मालनबाईंनी कागद हिसकून घेतले, उलटे करून पाहिले. "कागदच खराब आहे. याला डाग उठतच नसेल. थांबा, दाखवते." आणि त्यांनी नवा कागद घेऊन स्वतःच्या नाकाला दाबला.

डाग उठला. असा उठला की त्यातून पलीकडची फुलाबाई दिसली.

"लय भारी!" फुलाबाई म्हणाल्या. "कागद चांगला हाय."

"प्रवास झालाय माझा," मालनबाई म्हणाल्या. "एसटीत इंजिनाजवळ बसले होते." मग त्यांना दुसरा मुद्दा सुचला. "आणि तेजल, तूच म्हणालीस ना, वयानं बदलते म्हणून? आता वहिनी कोरड्या झाल्या असतील. पण तेव्हा तेलकटच होत्या. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

हा मुद्दा बिनतोड होता. पन्नास वर्षांपूर्वीच्या चेहऱ्याला आता कागद कुठून लावणार? आशाबाईंना वाटलं, गेली खुर्ची.

तेवढ्यात वर्तमानपत्रामागून देवरामआजोबा म्हणाले, "तेव्हा ती कुरडया तळत होती."

सगळ्या बायका तिकडे वळल्या.

"चांदवडला आम्ही ठरल्या वेळेआधीच पोचलो होतो. हिच्या आईनं हिला कढईवरून उठवून तशीच बाहेर आणली. पोह्यांवरच्या कुरडईनं माझी जीभ भाजली होती, म्हणून लक्षात आहे. हिच्या हातात झाराही होता, तो आईनं दारात काढून घेतला."

म्हणजे त्या दिवशी तळत होती म्हणून तेलकट दिसली, आणि तेलकट दिसली म्हणून जन्मभर तळत बसली. आशाबाईंना हसावं की रडावं कळेना.

"दादा," मालनबाई म्हणाल्या, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही," देवरामआजोबा म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं. त्यांना पुढे आठवडाभर चहा कसा मिळाला, हा वेगळा विषय आहे.

मालनबाई कागद हातात घेऊन बसून राहिल्या. मग त्यांच्या तोंडावर काहीतरी उमटत गेलं, आणि आशाबाईंना ते लगेच वाचता आलं; तासभर तोच चेहरा तर पाहिला होता. या घराच्या कायद्याप्रमाणे जिचा कागद पारदर्शक, ती बाई कढईपाशी. म्हणजे समाधानच्या अक्षता पडतील तेव्हा त्याची आजी कनातीमागे.

"वहिनी," मालनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझा पहिला नातू आहे हो."

आशाबाईंना बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पहिले दीर होते, पहिला मुलगा होता. सगळं जिभेवर आलं. पण तहानेनं आणि भुकेनं जीव कासावीस झाला होता, आणि समोरची हनुवटी सासूबाईंसारखी थरथरत होती.

"कुरडई नाही झाली पंगतीला तर काय होतं हो?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मालनबाईंनी विचार केला. फुलाबाईंनीही केला. कुरडई नसलेलं लग्न कुणी पाहिलंच नव्हतं.

"बघू या का करून?" आशाबाई म्हणाल्या.

लग्न येवल्याला भर दुपारच्या मुहूर्तावर होतं. तेजलनं सकाळी आजीच्या गालांना क्रीम लावली. बोटभर क्रीम लावताक्षणी कातडीत नाहीशी झाली. पुन्हा लावली, पुन्हा नाहीशी. "पन्नास वर्षांची बाकी आहे आजी, वेळ लागेल," ती म्हणाली. मालनबाईंनी शब्द दिल्याप्रमाणे पहिल्या ओळीत खुर्ची स्वतः मांडली आणि शेजारची स्वतः घेतली. आचाऱ्याला सांगण्यात आलं होतं की कुरडई नाही. त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

अंतरपाट धरला गेला. आशाबाई पुढे सरकून बसल्या. पलीकडे नवरी होती. तिचे मेंदीचे पाय तेवढे दिसत होते आणि एका पायाचा अंगठा सारखा हलत होता. समाधान टाचा उंचावून पडद्यावरून बघायला जात होता, मामा त्याला खांदा दाबून खाली आणत होता. करवलीनं धरलेल्या दिव्यात तूप संपत आलं होतं आणि तिचं लक्ष फोटोवाल्याकडे. एवढं सगळं असतं होय इथं? मागून तर नुसतं "सावधान" ऐकू येतं.

शेवटचं मंगलाष्टक संपलं, पडदा सरकला, वाजंत्री कडाडली. चहूकडून अक्षता पडल्या. समाधान आणि ती मुलगी एकमेकांकडे बघून एकदम ओळख पटल्यासारखी हसली.

मालनबाईंनी डोळे पुसले आणि शेजारी पाहिलं. आशाबाईंची मूठ तशीच मिटलेली.

"अहो वहिनी, टाका की! संपलं!"

"थांबा हो," आशाबाई म्हणाल्या, "जरा बघू द्या."